रोज संध्याकाळी दहा चुका

सूर्य पूर्वेला उगवतो, हे वाक्य मी आयुष्यात शेवटचं उच्चारलं ते लखनौच्या महानगर कॉलनीतल्या एका घराच्या फाटकाशी. बँकेनं बदली करून मला तिकडे पाठवलं होतं. दोन बॅगा घेऊन मी वरच्या मजल्यावरची भाड्याची खोली बघायला आलो होतो, आणि घरमालक मराठी आहेत असं कळल्यामुळे छाप पाडायच्या तयारीत होतो.

"वा, पूर्वेची खोली! म्हणजे सूर्य अगदी समोर उगवणार," मी म्हटलं.

"नाही उगवणार," मालक म्हणाले. "वर्षातून दोनच दिवस तो नेमका पूर्वेला उगवतो. हा डिसेंबर आहे. आज तो तिथून उगवला." त्यांनी उजवीकडे, शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाकीकडे बोट दाखवलं. "शिवाय ही खोली पूर्वेची नाही, ईशान्येची आहे. तुम्हाला मार्चपर्यंत ऊन मिळायचं नाही. घ्यायचीय?"

स्वतःच्या खोलीची अशी जाहिरात करणारा मालक मी पाहिला नव्हता. मी खोली घेतली, मार्चपर्यंत गारठलो, आणि पुढची चार वर्षं दुरुस्त होत राहिलो.

मी त्यांना सर म्हणायचो, कारण पहिल्या दिवशी काका म्हटलं तेव्हा त्यांनी "कोणत्या बाजूनं?" असं विचारलं होतं. ते मला बँकबाबू म्हणायचे. एका संशोधन संस्थेतून निवृत्त झालेले वनस्पतिशास्त्रज्ञ. उंच, किडकिडीत, आणि सदऱ्याच्या खिशाला कायम लाल पेन. चूक दिसली की पेन आपोआप बाहेर यायचं. लग्नपत्रिका आली की ते ती तपासून परत पाठवायचे, त्यामुळे लखनौच्या मराठी मंडळींत त्यांच्याकडे आमंत्रण तोंडी द्यायची पद्धत पडली होती. भाजीवाला "ताज़ी भिंडी" ओरडत गल्लीतून गेला की हे फाटकातून "परसों की" एवढं जोडायचे. भैया काकुळतीला येऊन म्हणायचा, "बाबूजी, आप मत लीजिए, पर मोहल्ले को तो लेने दीजिए!" डॉक्टरांनी चिठ्ठीत औषधाचं स्पेलिंग चुकवलं, तर ते सुधारून यांनी चिठ्ठी परत डॉक्टरांपुढेच ठेवली होती.

माझ्यासारखा माणूस वर राहायला येणं म्हणजे त्यांच्या दृष्टीनं घरबसल्या चालून आलेलं कामच होतं. बटाटा हे मूळ नाही, खोड आहे. कोळी हा किडा नाही. केळीचं झाड नसतं. एकदा मी रजेचा अर्ज विसरून त्यांच्या टेबलावर ठेवून गेलो. परत आलो तर "आईची प्रकृती गंभीर असल्याकारणाने" या शब्दांखाली लाल रेघ, आणि समासात टीप: "काल रात्री फोनवर तुम्ही दोघं अर्धा तास हसत होतात."

सरांच्या तोंडाला लागून वर जिंकणारी एकच व्यक्ती लखनौत होती, ती म्हणजे त्यांच्या पत्नी, आमच्या काकू. काकू मूळच्या भंडाऱ्याच्या. इथल्या एका मुलींच्या शाळेत त्यांनी तीस वर्षं भूगोल शिकवला होता. आवाज असा की वरच्या मजल्यावर मी ताठ बसायचो. सरांनी काही दुरुस्त केलं की काकू म्हणायच्या, "तुम्ही झाडांचं बघा. जमीन, पाणी, हवा माझ्याकडे." आणि विषय संपायचा.

मी राहायला आल्यावर दीड-एक वर्षानं काकू विसरायला लागल्या. आधी गॅसवरचं दूध. मग चालू महिना. मग शेजाऱ्यांची नावं. डॉक्टरांनी डिमेन्शिया असं निदान केलं. (या वेळी स्पेलिंग बरोबर होतं. सरांनी ते तीनदा तपासून बघितलं, जणू एखादं अक्षर चुकलेलं सापडलं तर निदानही चुकेल.) शेवटी काकू हेही विसरल्या की आपण निवृत्त झालोय. रोज सकाळी साडेसातला इस्त्रीची साडी, मनगटाला घड्याळ, खांद्याला पर्स. "आज वार्षिक परीक्षा आहे. माझी ड्यूटी आहे. रिक्षा कुठाय?"

आणि सर दुरुस्त करायचे.

"अगं, तू निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली."

"कोण म्हणतं?"

"सरकार म्हणतं." आणि कपाटातून निवृत्तीचा कागद बाहेर. काकू तो चष्मा लावून शेवटपर्यंत वाचायच्या आणि रडायला लागायच्या. माणूस एकदाच निवृत्त होतो. काकूंना रोज सकाळी आठ वाजता निवृत्त व्हावं लागत होतं. मग दिवसभर भांडण, ताटं भिरकावणं, अंगावर धावून जाणं. कामाला येणारी रामकली हुशार. तिनं साडीचा पदर नीट करत म्हटलं, "माताजी, आज तो छुट्टी हो गई. कल चलेंगे," की काकू पर्स खाली ठेवायच्या. सर तिच्यावर कडाडायचे, "झूठ क्यों बोलती हो?"

रामकली तवा घासत म्हणायची, "बाबूजी, हमारे झूठ से माताजी खाना खा लेती हैं. आपके सच से थाली फेंकती हैं."

एका दुपारी तो निवृत्तीचा कागद दाखवून झाल्यावर काकू घरातून निघूनच गेल्या. सर, मी आणि रामकली तीन दिशांना धावलो. दीड तासानं त्या कपूरथला चौकात सापडल्या. पानवाल्याच्या स्टुलावर बसून त्याला लखनौचं पर्जन्यमान सांगत होत्या. काही झालं नव्हतं, पण त्या संध्याकाळी सरांनी फाटकाची कडी तीनदा तपासली.

पुण्याला नोकरी करणारी त्यांची एकुलती मुलगी, म्हणजे ताई, दुसऱ्याच दिवशी माझ्या फोनच्या स्पीकरवर आली. ती लखनौतच लहानाची मोठी झालेली, त्यामुळे चिडली की हिंदीत शिरायची.

"बाबा, बस हो गया. मी आईला पुण्याला आणते. इथे एक चांगलं केंद्र आहे, ट्रेन्ड लोक आहेत. आप भी चलो."

"मी येणार नाही. तीही येणार नाही."

"मग तिच्याशी भांडणं बंद करा! आप उनको करेक्ट करते रहते हो, बाबा. दिवसभर!"

"ती चुकीचं बोलते."

"हद्द है, यार!"

शेवटी तह झाला. ताईनं एक ऑनलाइन कार्यक्रम शोधून काढला होता: डिमेन्शिया झालेल्या माणसाची घरी काळजी घेणाऱ्यांनी स्वतःच शिकायचा. आठ धडे, प्रत्येक धड्याला स्वाध्याय, आणि आठवड्यातून एकदा मार्गदर्शक बाईंची ईमेल. सरांनी तो मनापासून करायचा. दोन महिन्यांनी, महिनाअखेरीला, ताई येऊन बघणार. घरात तीच भांडणं दिसली, तर आई पुण्याला. सरांनी मान्य केलं. फोन ठेवल्यावर बराच वेळ ते लाल पेनाचं टोपण उघडझाप करत बसले. मग म्हणाले, "बँकबाबू, चाळीस वर्षं मी हिच्याशी वाद घातलाय. ती गेली तर मी बोलू कोणाशी? तुमच्याशी? तुम्ही तर लगेच हरता."

नावनोंदणीचं काम मी आपणहून अंगावर घेतलं. बँकेत मी रोज लोकांचे पन्नास फॉर्म तपासतो, "यहाँ नहीं, वहाँ साइन कीजिए" असं त्यांच्यावर खेकसतो, त्यामुळे या बाबतीत मला थोडा गर्व होता. पाच मिनिटांत फॉर्म भरून दिला. चार दिवसांनी मार्गदर्शक बाईंची पहिली ईमेल आली. इंग्रजीत होती. मी ती दिवाणखान्यात मोठ्यानं मराठीत वाचून दाखवायला लागलो.

"आदरणीय मॅडम, आपल्या पतींच्या बदललेल्या वागण्यामुळे आपली किती ओढाताण होत असेल, याची आम्हाला कल्पना आहे. ते वारंवार तेच तेच बोलत असतील. हट्ट करत असतील. क्षुल्लक गोष्टींवरून चिडत असतील. लक्षात ठेवा, यात आपला काहीही दोष नाही..."

मी थांबलो. काळजी घेणाऱ्याच्या चौकोनात मी काकूंचं नाव घातलं होतं आणि आजारी व्यक्तीच्या चौकोनात सरांचं.

काकू सोफ्यावर बसून वाटाणे सोलत होत्या. त्यांनी मान वर केली आणि कितीतरी दिवसांत ऐकला नव्हता तो जुना आवाज लागला. "बरोबर लिहिलंय. इतक्या वर्षांनी कोणाला तरी कळलं."

सर माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आज खोली खाली करायला सांगणार. पण त्यांच्या ओठांचे कोपरे हलले. "पुढे वाचा," ते म्हणाले. "तिला ऐकू दे." मी पुढे वाचलं आणि काकू प्रत्येक वाक्याला मान डोलवत राहिल्या. त्या दिवशी भांडण झालं नाही.

नावं दुरुस्त झाल्यावर अभ्यास सुरू झाला. सर्वांत आधी सरांनी अभ्यासक्रमच दुरुस्त केला. प्रत्येक धडा ते माझ्याकडून छापून आणवायचे, लाल पेनानं तपासायचे आणि मी तो स्कॅन करून बाईंना परत पाठवायचा. एका धड्यात मन शांत करायचा व्यायाम होता: डोळे मिटा, आपण समुद्रकिनारी चालत आहोत अशी कल्पना करा. सरांनी समासात लिहिलं: "सर्वांत जवळचा समुद्र इथून सुमारे साडेआठशे किलोमीटर. गोमती चालेल का?" बाईंचं उत्तर आलं: "चालेल, सर. अभिप्रायाबद्दल आभार. पण आपण स्वाध्याय केलात का?" त्या बिचाऱ्या प्रत्येक ईमेलच्या शेवटी हा प्रश्न विचारायच्या.

तिसरा धडा आला आणि गाडी अडली. त्या धड्याचा मथळाच होता: चूक दुरुस्त करू नका. वाद घालू नका. त्यांच्या जगात त्यांच्यासोबत राहा. सरांनी तो धडा दोनदा वाचला. लाल पेन हातात होतं, पण खूण करायला जागा मिळेना. "म्हणजे रामकली म्हणते तेच हे," ते हळूच म्हणाले. मग मला म्हणाले, "मला हे जमणार नाही. साहित्य आहे, पद्धत आहे, पण उपकरण बिघडलेलं आहे." उपकरण म्हणजे ते स्वतः.

पण तो माणूस शास्त्रज्ञ होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी बँकेतून आलो तर टेबलावर दोन कप चहा, एक कोरी वही आणि सेकंदकाटा असलेलं घड्याळ.

"बसा. तुम्ही रोज या वेळी मला दहा चुकीची विधानं ऐकवायची. सोप्यापासून अवघडाकडे. मी फक्त 'अच्छा?' म्हणायचं आणि चहा प्यायचा. प्रत्येक विधानानंतर मी माझी नाडी मोजणार. ती वाढायची थांबली, की मी तयार झालो."

"पण सर, चुकीची विधानं मी आणू कुठून?"

त्यांनी माझ्याकडे फार मायेनं पाहिलं. "तुम्ही नेहमीसारखं बोला."

आयुष्यात माझ्या अज्ञानाचा कोणाला उपयोग झाला असेल तर तो त्या दोन महिन्यांत. मी जोमानं सुरुवात केली. बटाटा हे मूळ आहे. अच्छा? चहाचा घोट. नाडी चौऱ्याऐंशी. कोळी हा किडा आहे. अच्छा? अठ्ठ्याऐंशी. तिसऱ्या दिवशी एक अडचण लक्षात आली: मी घरून विचार करून आणलेलं खोटं पुष्कळदा खरं निघायचं, आणि सहज बोललेलं खोटं असायचं. "व्हेल पिलांना दूध पाजते," असं मी ऐटीत सांगितलं, तर सरांनी वहीत लिहिलं: "बाद. विधान खरे." उलट "उंदीर मोठा झाला की त्याची घूस होते," हे मी नुसतं गप्पांच्या ओघात म्हणालो, तर त्यांनी कप खाली ठेवून कपाळ दाबून धरलं. पस्तिशीपर्यंत मी ते खरंच समजत होतो.

सर्वांत वाईट दिवस कढीपत्त्याचा. मी म्हटलं, "कढीपत्ता म्हणजे कडुलिंबाचीच बुटकी जात. म्हणून तर इकडे त्याला मीठा नीम म्हणतात." सरांच्या कपाळावरची शीर उठली. उजवा हात खिशाकडे गेला, डाव्या हातानं तो धरला. ओठ पांढरे पडले. "अच्छा?" एवढं म्हणून त्यांनी मनगट चाचपलं. एकशे सहा. "आज एवढं पुरे," ते म्हणाले आणि बागेत जाऊन कढीपत्त्याच्या झाडाजवळ उभे राहिले. मला वाटतं, त्यांनी त्याची माफी मागितली असावी.

पण नाडी उतरत गेली. आणि चहाच्या वेळच्या सरावाचं फळ सकाळी दिसायला लागलं. काकू पर्स घेऊन "परीक्षा आहे" म्हणाल्या की सर कपाटाकडे जायचे नाहीत. फक्त पेच एक होता. ऐकून घेणं जमलं, तरी रामकलीसारखं "आज सुट्टी आहे" म्हणणं त्यांना शक्य नव्हतं. "चुकीचं ऐकून घेईन, पण खोटं मी बोलणार नाही," असं त्यांनी बाईंना ईमेलनं कळवलं. मग दोन दिवस विचार करून त्यांनी तोडगा काढला. सकाळी साडेसातला काकू निघाल्या तेव्हा हे जेवणाच्या टेबलाशी कागद-पेन घेऊन बसलेले.

"परीक्षा घ्यायचीय ना? घे. मी बसलोय."

काकूंनी घड्याळ बघितलं, पर्स ठेवली आणि म्हणाल्या, "रोल नंबर?"

"हे खोटं नाही, बँकबाबू," ते मला नंतर समजावत होते. "खरी परीक्षा आहे. मी खरं लिहितो, ती खरं तपासते." शाळेत मुली काकूंना बहनजी म्हणायच्या. तेवढं म्हणायला मात्र सरांनी साफ नकार दिला. मॅडमवर तडजोड झाली. घरी एरवी त्यांना "अहो" म्हणणाऱ्या काकू परीक्षेत "तू" म्हणायच्या. बाईंनी लिहिलं, "सर, हे आमच्या अभ्यासक्रमात नाही. आम्ही इतरांना सांगू का?" सरांनी त्या ईमेलमधला एक स्वल्पविराम हलवला आणि परवानगी दिली.

आता माझ्या हातून घडलेल्या मोठ्या घोटाळ्याकडे येतो.

एका गुरुवारी बँकेत ताईचा फोन आला. सरांचा फोन बंद असायचा, कारण त्याची धून त्यांना बेसूर वाटायची. ताई म्हणाली, "भैया, ऑफिसच्या कामानं दिल्लीला आलेय. महिनाअखेरीची वाट कशाला बघू? शुक्रवारी रात्रीच्या गाडीनं निघते, शनिवारी सकाळी लखनौ. बाबांना सांगून ठेवा हां, मला सरप्राइज वगैरे नाही द्यायचं."

मी संध्याकाळी चहाच्या टेबलाशी बसलो. नेहमीच्या कामाला लागलो. सात विधानं झाली. आठवं झालं. मग आठवलं, म्हणून म्हटलं, "हो सर, ताई शनिवारी सकाळी येतेय."

"अच्छा?" सर म्हणाले. चहाचा घोट घेतला. मनगट धरलं. वहीत लिहिलं.

मला वाटलं, वार टिपून घेतला. किती शांतपणे घेतली बातमी, म्हणून मनातल्या मनात कौतुक केलं आणि शेवटचं विधान करून वर गेलो. वहीत काय लिहिलं होतं ते मी नंतर पाहिलं: "क्र. ९. मुलगी शनिवारी येणार. नाडी ७६. उत्तम प्रगती."

शनिवारी सकाळी मी बनियन आणि टॉवेल अशा वेशात खालून वर्तमानपत्र घ्यायला गेलो, तर काकूंनी जिन्यातच पकडलं. "असा आलास परीक्षेला? शर्ट घालून ये!" शर्ट घालून आल्यावर मला सरांशेजारी बसवलं. "सर, ताई..." मी कुजबुजलो. "बोलायचं नाही!" काकूंनी टेबलावर पट्टी आपटली. सर मान खाली घालून लिहीत होते. त्यांना माहीतच आहे, मग मी कशाला बोलू, म्हणून मीही लिहायला लागलो. तिसरा प्रश्न अडला, म्हणून हळूच त्यांच्या कागदात डोकावलो. काकूंनी माझा कागद काढून घेतला आणि मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं.

त्या स्थितीत मी असताना दारातून ताई आत आली. मी हळूच मान वळवून पाहिलं: हातात बॅग, चेहऱ्यावर रात्रभराचा प्रवास.

सर अर्धवट उठले. "तू? आज?" मग माझ्या पाठीकडे बघून म्हणाले, "बँकबाबू, ते खरं होतं?"

मी भिंतीला "हो" म्हणालो.

"आई!" ताई पुढे आली. "आई, अगं मी..."

"अर्धा तास उशीर," काकू म्हणाल्या. "बॅग बाहेर. बस तिथं." त्यांनी तिच्यापुढे कोरा कागद सरकवला. ताईनं बापाकडे पाहिलं. सरांनी नुसती मान हलवली: बस. ती बसली. पण तिच्या कपाळावरच्या आठ्या मला भिंतीकडे तोंड असूनही जाणवत होत्या. मुलगी यांचीच. तिला वाटलं असणार, इथे सगळेच कामातून गेले.

काकूंनी सरांचा पेपर उचलला. सरांचंच लाल पेन हातात घेतलं. पहिला प्रश्न बरोबर. दुसरा प्रश्न होता: लखनौ कोणत्या नदीच्या काठी वसले आहे? काकूंनी उत्तर वाचलं, भुवया चढवल्या आणि भली मोठी फुली मारली.

"गोमती? कुठे शिकलास? वैनगंगा!"

मी भिंत सोडून वळलो. ताईनं श्वास रोखला होता. हा माणूस, ज्यानं लग्नपत्रिका परत पाठवल्या, डॉक्टरांना सोडलं नाही, सूर्यालासुद्धा त्याची दिशा सांगितली, त्याचं बरोबर उत्तर चूक ठरलं होतं, तेही त्याच्या स्वतःच्या पेनानं. ती शीर उठलेली मला दिसली. कढीपत्त्याच्या दिवशीपेक्षा मोठी. खोटं ते बोलणार नव्हते. आणि खरं बोलले असते, तर आठवड्याभरात काकू पुण्याला.

सरांनी पेपर जवळ ओढून ती फुली पाहिली. मग म्हणाले, "वैनगंगा फार सुंदर नदी आहे, मॅडम."

काकूंचा चेहरा खुलला. "आहेच. पाहिलीस कधी?"

"हो. लग्नाला गेलो होतो तिकडे. भंडाऱ्याला."

"कोणाच्या?"

"माझ्याच."

"अस्सं! मुलगी तिथलीच?"

"हो, मॅडम. नदीपलीकडे सूर्य मावळत होता. तिनं मला सांगितलं, जमीन, पाणी, हवा माझ्याकडे."

काकूंनी पेनाचं टोपण लावलं. "हुशार दिसते," त्या म्हणाल्या. "मग नदी कशी काय विसरलास?"

"चुकलं, मॅडम," सर म्हणाले. मी चार वर्षांत त्यांच्या तोंडून तो शब्द स्वतःबद्दल पहिल्यांदा ऐकला.

ताईनं तोंड कागदात खुपसलं होतं. काकू तिच्याजवळ गेल्या, वाकून बघितलं आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "रडू नकोस. पेपर सोपा आहे. वेळ वाढवून देते."

दुपारी जेवताना एकदाही ताट उडालं नाही. रामकलीनं ताईला सकाळपासून रात्रीपर्यंतचा सगळा दिनक्रम ऐकवला आणि वर म्हणाली, "दीदी, बाबूजी पहले से बहुत सुधर गए हैं." सरांनी तेही ऐकून घेतलं.

संध्याकाळी काकूंचे केस विंचरता विंचरता ताई मला म्हणाली, "भैया, एक काम करोगे? सोमवारची दोन तिकिटं काढली होती परतीची. माझं आणि आईचं. आईचं रद्द करून टाका. ती इथेच राहील."

सर खिडकीबाहेर बघत होते. ते वळले नाहीत, पण त्यांचे खांदे दोन इंच तरी खाली आले.

मी लॅपटॉप उघडला. सर शेजारी येऊन बसले, चष्मा लावून. दोन नावं, दोन चौकोन. मी खूण केली, बटण दाबलं, आणि पडद्यावर आलं: दोन्ही तिकिटे रद्द झाली आहेत.

"भैया!" ताई ओरडली. "मंगळवारी मीटिंग आहे माझी!" मग आईकडे बघितलं. काकूंनी तिचा हात धरून ठेवला होता. "जाने दो," ती म्हणाली. "फोन करते ऑफिसला." नवं तिकीट शुक्रवारचं मिळालं. पाच दिवस रोज साडेसातला ती शर्टाच्या बाह्या दुमडून परीक्षेला बसली, आणि तिसऱ्या दिवशी पहिली आली. सर दुसरे. मी अजून भिंतीपाशीच होतो.

ती गेल्यावर शुक्रवारी मी सरांपुढे माफी मागायला गेलो. "सर, दोन्ही चौकोनांत खुणा केल्या मी. तुम्ही तर चष्मा लावून शेजारीच बसला होतात. तुम्हाला दिसलं नाही?"

"दिसलं."

"मग बोलला का नाहीत?"

सरांनी चहाचा कप माझ्याकडे सरकवला.

"त्यात चूक कुठे होती?" ते म्हणाले.